फोटोचा चेहरा उतरेपर्यंत: ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांच्या रीतीचं पोर्ट्रेट घरच्या घरी

कॅमेरा समोर आला की आपली माणसं एक चेहरा लावतात. पदर सारखा होतो, खांदे ताठ होतात, हनुवटी वर जाते आणि ओठांवर ठरलेलं हसू येऊन बसतं. पुरुष माणसं बहुधा हसतही नाहीत, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी समोर बघत राहतात. हा फोटोचा चेहरा. तो पंधरा-वीस सेकंद टिकतो, फार तर मिनिटभर. मग माणूस कंटाळतो, कुठल्या तरी विचारात जातो आणि त्याचा स्वतःचा चेहरा दिसायला लागतो. आपण मात्र पहिल्या दोन सेकंदांतच बटण दाबून मोकळे झालेलो असतो.

एकोणिसाव्या शतकातल्या फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांच्या फोटोंतली माणसं इतकी जिवंत का वाटतात, हे शोधताना मी बराच काळ धूसरपणाच्या मागे लागले होते. लेन्सवर जाळीचं कापड ताणून पाहिलं, फिल्टरवर व्हॅसलिन लावून पाहिलं. फोटो धूसर झाले, पण ते कॅमेरून यांच्यासारखे होईनात. उलगडा झाला तो त्यांच्या एक्स्पोजरचे, म्हणजे एका फोटोसाठी लेन्स किती वेळ उघडी राहते त्याचे, आकडे वाचल्यावर. त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला तीन ते सात मिनिटं न हलता बसावं लागे. तेवढा वेळ चेहरा लावून बसणं कुणालाच जमत नाही. धूसरपणा हा त्या वेळेचा एक परिणाम होता. ही रीत शिकायची तर वेळेपासून सुरुवात करावी लागते, आणि हा सगळा लेख त्याबद्दल आहे.

ही बाई कोण

जन्म १८१५ चा, कलकत्त्यातला. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच घराण्यातली. १८३८ मध्ये कलकत्त्यातच त्यांचं चार्ल्स कॅमेरून यांच्याशी लग्न झालं. हे कायदेपंडित, मेकॉले यांच्या बरोबरीने विधी आयोगावर काम केलेले. १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १८६० पासून आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावी राहू लागलं. नवऱ्याचे कॉफीचे मळे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, होते, त्यामुळे तो आणि मुलगे वरचेवर तिकडे. बाई घरात एकट्या पडायच्या. म्हणून डिसेंबर १८६३ मध्ये मुलीने आणि जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला, तेवढाच विरंगुळा होईल म्हणून. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या.

त्यांनी कोळशाच्या कोठीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचं काचघर, म्हणजे फोटो काढायची जागा. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटवत. पहिली काच तयार झाली ती गावातल्या एका शेतकऱ्याच्या फोटोची, आणि ओल्या बाजूवरून हात फिरला नि ती पुसली गेली. पुढे दोन मुलांना एकत्र बसवलं, तर त्यातल्या एकाला हसू आवरेना आणि ती काचही वाया गेली. मग ॲनी नावाच्या मुलीला एकटीला बसवलं. हललीस तर माझी रसायनं आणि मेहनत फुकट जाईल, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. ती बसली. जानेवारी १८६४ मधला हा फोटो त्यांनी ‘माझं पहिलं यश’ म्हणून जपला. आनंदाच्या भरात त्या मुलीला काय देऊ नि काय नको म्हणून घरभर धावल्या, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे.

पुढच्या अकरा-बारा वर्षांत त्यांनी हजाराहून जास्त फोटो घेतले. व्यवसाय म्हणून स्टुडिओ चालवणाऱ्या फोटोग्राफर मंडळींनी आणि फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी त्यांना अक्षरशः धारेवर धरलं. फोकस नाही, काचेवर डाग आहेत, कडा फाटल्या आहेत, बाईंना तंत्र येत नाही, अशी टीका झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. फोकस करता करता डोळ्यांना जिथे सुंदर वाटलं तिथे मी थांबले, इतरांसारखी लेन्स पुढे फिरवत बसले नाही.

आधी पाहा

कॅमेरा हातात घेण्याआधी त्यांचे चार फोटो मोठे करून नीट पाहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे त्यांच्या कामाचा मोठा संग्रह आहे आणि तो इंटरनेटवर सहज बघता येतो. याच संस्थेने, तेव्हा तिचं नाव साउथ केन्सिंग्टन म्युझियम होतं, १८६८ मध्ये त्यांना फोटो काढायला दोन खोल्या दिल्या होत्या.

पहिला जॉन हर्शेल यांचा, १८६७ चा. हा खगोलशास्त्रज्ञ, आणि ‘निगेटिव्ह’, ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द फोटोग्राफीला देणारा माणूस. डोक्यावर काळी टोपी, अंगावर काळं वस्त्र, त्यामुळे फक्त चेहरा आणि पांढऱ्या केसांच्या बटा अंधारातून वर आल्यासारख्या दिसतात. फोटोआधी कॅमेरून यांनी त्यांना केस धुऊन विस्कटायला लावले होते, उजेड केसांत अडकावा म्हणून. दुसरा इतिहासकार थॉमस कार्लाइल यांचा, त्याच वर्षीचा. मान हलली आहे, नाक-डोळे एकमेकांत मिसळले आहेत, तरी त्या माणसाचा स्वभाव समोर उभा राहतो. तिसरा भाची ज्युलिया जॅक्सनचा, पुन्हा १८६७: अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, मानेची शीर ताणलेली, नजर थेट आपल्यावर. चौथा चार्ल्स डार्विन यांचा, १८६८ चा. ते उन्हाळ्यात फ्रेशवॉटरला राहायला आले होते. आपल्या सगळ्या फोटोंत हाच मला जास्त आवडतो, असं डार्विन यांनी म्हटलं आहे.

प्रत्येक फोटोत दोन गोष्टी शोधा. डोळ्याच्या बुबुळात उजेडाचा ठिपका कुठे आहे, आणि नाकाची सावली कुठल्या गालावर, किती खाली पडली आहे. या दोन खुणांवरून खिडकी कुठे होती ते सांगता येतं. दहा-बारा फोटोंवर हा सराव केला की स्वतःच्या घरातल्या उजेडाकडेही बघायची सवय लागते.

खोली आणि उजेड

घरातला एकच उजेड ठेवायचा. ट्यूबलाइट बंद, बल्ब बंद, टीव्ही बंद, एक खिडकी सोडून बाकीच्या खिडक्यांवर चादरी. पहिल्यांदा खोली फार अंधारी वाटेल. पाच मिनिटं बसा, डोळे सरावतील.

उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, कारण तिच्यातला उजेड तासन्‌तास फारसा बदलत नाही. ती नसेल तर सकाळी पश्चिमेची खिडकी घ्या आणि दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे थेट ऊन आत येणार नाही. ऊन येतच असेल तर खिडकीवर पांढरं धुवट धोतर किंवा मलमलीचं कापड टांगा. खिडकीला जाळी किंवा ग्रिल असेल तर काळजी नको. थेट ऊन नसेल तर त्यांची सावली चेहऱ्यावर उमटत नाही. पावसाळ्यात, आभाळ भरून आलेलं असताना दुपारी दोन-तीन वाजताचा उजेड मला या कामासाठी वर्षातला सगळ्यात उत्तम वाटतो. ढगांनी आधीच सगळं मऊ केलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड चादरीने झाका. कॅमेरून यांच्या काचघरात उजेड वरून आणि बाजूने येई, आणि पडदे सरकवून त्या तो हवा तिथे घेत. आपल्या फ्लॅटमधली खिडकी कमरेपासून सुरू होते, त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड समोरून आणि खालूनही येतो, आणि चेहरा सपाट दिसतो. खालचा भाग झाकला की उजेड वरून तिरका उतरतो. भुवईखाली सावली येते, गालाचं हाड उठतं, हनुवटीची रेघ दिसू लागते. एवढ्या एका चादरीने जो फरक पडतो तो महागड्या लेन्सने पडत नाही.

वाडा असेल तर माजघर वापरा. एखाद्या लहान उंच खिडकीतून येणारा तिथला उजेड या कामासाठीच बांधल्यासारखा असतो. कोकणातल्या घरात पडवीच्या दारात बसवा: माणूस उंबऱ्याच्या आत, तोंड पडवीकडे, पाठीमागे घरातला काळोख. मागे वेगळं कापड लावायचीही गरज नाही.

इतर ठिकाणी पार्श्वभूमीला काळी घोंगडी टांगा. लोकरीला चमक नसते, ती उजेड गिळून टाकते, म्हणून मागे निव्वळ अंधार राहतो. पॉलिस्टरची काळी चादर लावली तर प्रत्येक घडीवर पांढरट रेघ उठते. घोंगडी माणसाच्या मागे चार-पाच फुटांवर असावी, खिडकीचा उजेड तिच्यावर पडणार नाही अशी.

खुर्ची खिडकीपासून तीन-चार फुटांवर. मग कॅमेऱ्याला हात न लावता खुर्ची थोडी थोडी फिरवत चेहरा बघा: खिडकीकडे पूर्ण तोंड, मग पाऊण, मग अर्धं. ज्युलिया जॅक्सनसारखा अर्धा-अर्धा चेहरा पाहिजे असेल तर खिडकी माणसाच्या बरोबर बाजूला आली पाहिजे. कार्लाइलसारखा पाहिजे असेल तर खिडकी किंचित मागे आणि उंच. अंधाऱ्या बाजूचा डोळा अगदीच बुजला तर त्या बाजूला पाच फुटांवर पांढरा टॉवेल धरायला कुणाला तरी उभं करा. थर्माकोलची शीट फार जोरात उजेड परत फेकते, सगळा अंधार धुऊन टाकते. मी ती वापरत नाही.

कपडे, केस, चष्मा

कॅमेरून आपल्या माणसांना गडद शाली-चादरी गुंडाळत. त्यामुळे कपड्यांची फॅशन नाहीशी होई आणि नजर चेहऱ्यावर राही. आपल्याकडे गडद रंगाची, नक्षी नसलेली शाल हाच सोपा उपाय. जरीकाठ उजेडात चमकतो, छापील साडी चेहऱ्याशी भांडते. मावशी-आत्यांना आवडत्या साडीतच फोटो काढायचा असतो. त्यांचं मन मोडू नका. आधी साडीतले दोन फोटो घ्या, मग खांद्यावर शाल टाका.

मोठ्या बायकांना केस मोकळे सोडा म्हणणं बरं दिसत नाही. अंबाडा थोडा सैल करा, कानावरच्या बटा राहू द्या, एवढं पुरतं. पावडर नको. चष्मा काढणार असाल तर तो पंधरा मिनिटं आधी काढायला सांगा, नाकावरच्या खुणा जायला तेवढा वेळ लागतो. चष्म्याशिवाय माणूस माणसासारखा दिसणारच नसेल तर चष्मा राहू द्या आणि काचेत खिडकी उमटणार नाही एवढी हनुवटी खाली घ्या.

कॅमेरा

कॅमेरून यांची पद्धत ओल्या कोलोडियनची. काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, आणि ओली असतानाच फोटो घेऊन, डार्करूममध्ये पळत जाऊन ती डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. १८६६ पासून त्या १५ बाय १२ इंचांच्या काचा वापरू लागल्या, म्हणजे माथा जवळजवळ खऱ्या आकाराचा. एवढी मोठी काच आणि उघडी लेन्स म्हटल्यावर फोकसमध्ये फार थोडा भाग राहतो: डोळा स्पष्ट, कान धूसर.

आपल्याला दोन गोष्टी एकत्र साधायच्या आहेत. फोकसचा पट्टा अरुंद, आणि एक्स्पोजर लांब. अडचण अशी की लेन्स उघडली की उजेड जास्त येतो आणि एक्स्पोजर छोटं होतं. यावर एनडी फिल्टर हा उपाय. तो गडद काचेसारखा उजेड अडवतो, रंगात ढवळाढवळ करत नाही.

माझं नेहमीचं गणित असं आहे. ५० मिमीची एफ १.८ लेन्स, बहुतेक कंपन्यांची सगळ्यात स्वस्त लेन्स हीच असते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती पोर्ट्रेटसाठी अगदी योग्य ठरते. छिद्र एफ २ (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १००, माणसापासून अंतर सव्वा मीटरच्या आसपास. यात फोकसचा पट्टा जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटरचा मिळतो. खिडकीजवळ या मापाला शटर, म्हणजे एक्स्पोजरचा वेळ, साधारण १/६० सेकंदावर येतं. त्यावर सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे एनडी ६४, लावला (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो) की ६४ पट वेळ लागतो: १/६० चा एक सेकंद होतो. खिडकीवरची चादर अजून थोडी वर घेतली की दोन, तीन, चार सेकंद. फिल्टर लावल्यावर फोकस दिसणं अवघड जातं, म्हणून फोकस आधी करा, मॅन्युअलवर ठेवा आणि मगच फिल्टर चढवा.

फिल्टर घ्यायचा नसेल तर छिद्र एफ ११ करा. शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास येईल. फोकसचा पट्टा रुंद होईल, पण वेळ मिळेल, आणि वेळ जास्त मोलाचा.

फोनवरही हे होतं. फोनच्या लेन्सचं छिद्र बदलत नाही, तेव्हा उजेडच कमी असलेली वेळ गाठायची: दिवेलागणीची. सूर्य मावळल्यावर खिडकीतून जो निळसर उजेड येतो त्यात प्रो मोडमध्ये आयएसओ ५० ठेवलं की जवळपास एक सेकंदाचं एक्स्पोजर मिळतं. फोनमध्ये प्रो मोड नसेल तर शटरचा वेग हाताने ठरवू देणारं ॲप घ्या. नाइट मोड लावू नका. तो बरेच फोटो घेऊन जुळवतो आणि हललेलं सगळं पुसून टाकतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. पोर्ट्रेट मोडही नको. तो केसांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या करतो. झूम दुप्पट ठेवा, म्हणजे नाक मोठं आणि कान लहान दिसणार नाहीत.

ट्रायपॉड लागतोच. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित खाली. बटण बोटाने दाबू नका. दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा रिमोट वापरा. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फेरफार न केलेल्या मूळ रूपात, ठेवा.

फोकस खिडकीकडच्या डोळ्याच्या पापणीवर आणा. मग तिथून रिंग अगदी केसभर मागे-पुढे करत बघा. एका जागी पापण्यांचा टोकदारपणा जातो, पण नजर तशीच राहते. थांबायचं ते तिथे. हे सरावानेच कळतं, आणि प्रत्येक चेहऱ्याला ती जागा वेगळी असते.

बैठक

सगळी तयारी याच्यासाठी. चाळीस मिनिटं राखून ठेवा. बाहेरची माणसं नकोत, विशेषतः ‘आता हसा की जरा’ म्हणणारी.

आधी चहा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून ठेवा आणि त्याच खुर्चीत बसवून चहा द्या, म्हणजे तो समोर असण्याची सवय होते. मग नीट सांगा की काय करणार आहोत: हसायचं नाही, तीन सेकंद हलायचं नाही, श्वास चालू ठेवायचा, पापणी लवली तर लवू दे. पापणी लवण्याचं मनावर घेतात लोक. तीन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्या निमिषाचा वाटा इतका थोडा असतो की तो दिसतच नाही. नजर मात्र हलता कामा नये. म्हणून बघायला एक जागा द्या: खिडकीच्या चौकटीचा कोपरा, नाहीतर थेट लेन्स.

कॅमेरून यांनी ॲनीला फोटो का हलतो हे सांगितलं होतं, नुसतं ‘हलू नकोस’ असं दटावलं नव्हतं. लहान मुलीलाही त्यांनी कामात भागीदार करून घेतलं. त्या काळच्या स्टुडिओंत मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी चिमटे लावत. आपण खुर्चीला पाठ टेकवायला सांगू, हात मांडीवर, बस्स.

पहिले चार फोटो फोटोच्या चेहऱ्याचे असणार. ते शांतपणे घ्या, घाई करू नका, प्रत्येकानंतर अर्धं मिनिट थांबा. मग बोलायला लागा. मी बहुतेक वेळा लहानपणीच्या घराबद्दल विचारते: दार कुठल्या दिशेला होतं, विहीर किती लांब, चुलीशी कोण बसायचं. उत्तर पूर्ण होऊ द्या. मग म्हणा, ‘आता बोलू नका, ते घर नुसतं डोळ्यांसमोर आणा.’ त्यांचा श्वास बाहेर पडेपर्यंत थांबा आणि मग बटण. कॅमेऱ्यामागे लपू नका, त्याच्या शेजारी उभ्या राहा. कॅमेऱ्यात डोकावणाऱ्या माणसासमोर कुणाचा चेहरा मोकळा होत नाही.

मोजके फोटो घ्या. एका बैठकीला मी बाराच ठरवते. काच, रसायनं आणि पाणी यांचा एवढा खटाटोप असल्यामुळे कॅमेरून यांना प्रत्येक फोटोआधी विचार करावा लागे. आपल्याला तो भार नाही, म्हणून आकडा आधी ठरवून घ्यावा. एका सेकंदाने सुरुवात करा, मग दोन, मग चार. शेवटचे तीन बाराच्या आत राखून ठेवा, कारण ‘झालं बरं का’ म्हटल्यावर माणूस सैल होतो, आणि तेव्हा ‘तसेच बसा’ म्हणून घेतलेला फोटो पुष्कळदा सगळ्यांत चांगला निघतो.

आणि कॅमेऱ्यावर काहीही पुसू नका. माझ्या थोरल्या मावशीला पहिल्यांदा असं बसवलं तेव्हा चार सेकंदांच्या एका फोटोत तिने मान वळवली, आतून नातू काहीतरी म्हणाला म्हणून. स्क्रीनवर दोन तोंडं एकावर एक दिसली. मी तिथल्या तिथे तो फोटो डिलीट केला. घरी आल्यावर आठवत राहिलं की वळताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते उरलेल्या अकरांत कुठेच नव्हतं. कॅमेरून यांची पहिली काच हात फिरून गेली, माझा फोटो मी हाताने घालवला. तेव्हापासून हललेले, डागाळलेले, अंधारे, सगळे फोटो घरी आणते आणि दोन दिवसांनी बघते.

काळा-पांढरा करताना कुंकवाकडे लक्ष द्या

ओल्या कोलोडियनला निळा, जांभळा आणि अतिनील उजेड दिसे, लाल जवळजवळ दिसत नसे. म्हणून त्या फोटोंत ओठ गडद, निळे डोळे फिकट काचेसारखे, आणि वांग किंवा डाग उठून दिसतात. तो भाव आणायचा तर रंगीत फाइल काळी-पांढरी करताना लाल रंगाचा स्लायडर खाली आणि निळ्याचा वर घ्यायचा.

इथे सांभाळावं लागतं. परदेशी मार्गदर्शकांत लाल आणि नारिंगी दोन्ही खाली ओढायला सांगतात. आपल्या सावळ्या कातडीचा बहुतेक रंग नारिंगीत असतो. तो खाली ओढला की चेहऱ्यातला उजेडच विझतो आणि माणूस काळवंडलेला दिसतो. म्हणून फक्त लाल खाली आणा, नारिंगीला जवळजवळ हात लावू नका. ओठ आणि कुंकू गडद होतात, कातडीची झळाळी राहते. कुंकू तर पार काळं होतं, कपाळावर शाईचा थेंब पडावा तसं. मला ते फार आवडतं. ज्यांचं कपाळ आहे त्यांना आवडलं नाही तर लाल परत थोडा वर घ्या.

सुरकुत्या पुसायच्या नाहीत. शार्पनिंग शून्यावर. अंधार अंधारच राहू द्या, शॅडोज उचलू नका. कॅमेरून यांचे प्रिंट अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या, कागदावरचे, उबदार जांभळट-तपकिरी छटेचे. फोनमधला पिवळा सेपिया म्हणजे ती छटा नव्हे. सावल्यांत लालसर तपकिरीचा अगदी हलका रंग भरा, सॅच्युरेशन आठ-दहाच्या वर नको. आणि ॲपमधून ओरखडे, फाटक्या कडा, रसायनांचे डाग चिकटवू नका. त्यांच्या काचेवरचे डाग खरे होते, काम करताना पडलेले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. खोटे डाग लावणं मला त्यांचा अपमान वाटतो.

क्रॉप चार बाय पाचचा करा. माथा थोडा कापला गेला तरी चालेल, चेहऱ्याने चौकट भरली पाहिजे.

प्रिंट आणि नाव

हा फोटो फोनवर ठेवून उपयोग नाही. आपल्याकडच्या लॅबमध्ये १२ बाय १५ हा रुळलेला साइझ आहे, आणि योगायोगाने कॅमेरून यांच्या मोठ्या काचेचंही तेच माप. बारा मेगापिक्सेलच्या फोनची फाइलही, दुप्पट झूम डिजिटल नसेल तर, या मापाला पुरते. चकचकीत कागद नको. मॅट सांगा, आणि परवडत असेल तर सुती कागद. लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ हे आवर्जून सांगा, नाहीतर मशीन चेहरा उजळून देतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

प्रिंटची एक प्रत आधी बसणाऱ्या माणसाला द्या. फोटो कुठे टाकायचा असेल तर त्याची परवानगी त्याच वेळी, प्रिंट हातात असताना विचारा. फोनवर घाईत विचारलेलं ‘टाकू का?’ पुरेसं नाही.

नावाचा मुद्दा मला कॅमेरून यांच्याच कामातून खुपत राहिला. कवी टेनिसन, डार्विन, हर्शेल यांच्या फोटोंखाली त्यांची नावं आहेत. घरात कामाला असलेली मेरी हिलियर त्यांच्यासमोर कितीतरी वेळा बसली, पण बहुतेक फोटोंवर नाव आहे ते मॅडोनाचं. १८७५ मध्ये कॅमेरून कुटुंब सिलोनला गेलं, १८७९ मध्ये बाई तिथेच वारल्या. तिथल्या मोजक्या फोटोंतल्या एकाचं नाव आहे ‘कलुतराचे शेतकरी’, १८७८ चा. त्यातल्या माणसांचीही नावं नाहीत. फोटो चिकटवायच्या पुठ्ठ्यावर मात्र त्या ‘प्रत्यक्ष माणसावरून’ असं इंग्रजीत लिहून खाली झोकदार सही करत. त्यांच्याकडून शिकायचं तसं हेही शिकायचं की काय राहून गेलं.

म्हणून प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा: बसणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तारीख, कुठल्या खिडकीचा उजेड, किती सेकंद. नाव शक्यतो त्यांनाच लिहू द्या. मावशीला पेन्सिल दिली तेव्हा ती जरा वेळ थांबली, आणि मग तिने माहेरचं नाव लिहिलं.